हुंकार

“निवृत्तीला दवाखान्यात न्यायला मीच आडकाठी केली, हे घराबाहेर जाता कामा नये. पंचांसमोर सगळं थोरलीच्या पायगुणावर ढकलू. आणि हुंकार द्यायला धाकटीला बसवू. ती नुसती ऐकते, बोलत नाही.”

माजघरात हरबाजी बायकोला सांगत होते. दाराआड महिन्याभराची नवी सून कौतिका तांदूळ निवडत होती.

त्या गावची रीत जुनी होती. पंचांपुढे कुणी बोलू लागला की समोर बसलेल्याने वाक्यागणिक ‘हं’ म्हणायचं. हुंकाराविना शब्द पंच धरत नसत.

दुसऱ्या दिवशी पंच बसले. थोरली सून अनुसया तान्ह्याला छातीशी धरून खांबाला टेकली होती. निकाल विरुद्ध गेला, तर पोर इथेच ठेवून तिला घर सोडावं लागणार होतं.

“माझा कर्ता मुलगा निवृत्ती गेला,” हरबाजींनी सुरुवात केली.

“हं,” कौतिका म्हणाली.

“आठवडाभर तापाने फणफणत होता.”

“हं.”

“त्याला खाल्लं ते हिच्या पायगुणानं!”

कौतिका गप्प. हरबाजींनी तेच पुन्हा, आवाज चढवून सांगितलं. ती गप्पच. पंच एकमेकांकडे पाहू लागले.

“बहिरी झालीस काय गं?” हरबाजी ओरडले.

कौतिकाने पदर सावरला.

“नाही, मामंजी. काल माजघरात सासूबाईंना जे सांगत होतात, तेही मी ऐकलंय. ते इथे सांगा, मी हुंकार देते.”