टिकली कोंबडी आणि गोजराचे तीन प्रश्न

तर काय झालं, एक होतं इवलंसं राज्य. इतकं इवलंसं, की राजा सकाळी फिरायला निघाला की सगळं राज्य हिंडून दुपारच्या जेवणाला घरी परत. पण राजा तो राजाच. त्याच्याकडे हत्ती नव्हते, घोडे नव्हते, पण कोंबड्या होत्या चांगल्या वीस-पंचवीस. रोज सकाळी त्याला एक उकडलेलं अंडं लागायचं. नाही मिळालं की कपाळाला आठ्या.

राजा तसा वाईट नव्हता, बरं का. पण त्याचा एक नियम होता, आणि तो नियम मेला काही चांगला नव्हता. जी कोंबडी तीन दिवस अंडं देणार नाही, ती चौथ्या दिवशी हंडीत. का दिलं नाही, काय झालं, ते विचारायचंच नाही. ए बाळा, पांघरूण सगळं ओढू नकोस, बहिणीला पण पुरू दे.

या कोंबड्या सांभाळायची गोजरा. वीसेक वर्षांची पोर, ना आई ना बाप, खुराड्याला लागूनच तिची झोपडी. सगळ्या कोंबड्यांत तिचा जीव टिकलीवर. टिकली म्हणजे काळीभोर, आणि डोक्यावर एकच पांढरं पीस. ही टिकली इवलीशी असतानाच तिच्या आईला मुंगसानं नेलं होतं. मग गोजरानंच तिला पदरात गुंडाळून वाढवलं. दोघी बिनआईच्या, एकमेकींना धरून राहायच्या.

एकदा भर उन्हात एक म्हातारी कुंपणापाशी आली. पायात काही नाही, पोटात काही नाही. गोजराजवळ एकच भाकरी होती. तिनं अर्धी मोडून दिली, वर ठेचा दिला, पाणी दिलं. म्हातारीनं सावकाश खाल्लं, हात पुसला आणि म्हणाली, पोरी, तुझ्या पदरात तीन प्रश्न टाकते. ज्याला विचारशील, मग तो माणूस असो, पाखरू असो की दगड, त्याला खरं उत्तर द्यावंच लागेल. एवढं बोलली आणि बघता बघता उन्हात विरून गेली.

लोक म्हणाले, अगं, डोंगराला विचार सोनं कुठे पुरलंय. विहिरीला विचार. गोजरा हसली, पदराला तीन गाठी मारल्या आणि कामाला लागली.

मग काय झालं, एके दिवशी टिकलीनं अंडं दिलं, पण त्याला कवचच नाही. हातात घेतलं तर लिबलिबीत, पाण्याची पिशवी जशी. दुसऱ्या दिवशीही तसंच. मुदपाकखान्यातला आचारी होता दाजीबा. मिशा मोठ्या, आणि सुरी मिशांहून मोठी. तो म्हणाला, याला मी अंडं धरत नाही. हिचे दोन दिवस भरले.

 गोजरानं टिकलीला मांडीवर घेतलं. का देत नाहीस, असं नाही हं विचारलं तिनं. तिनं विचारलं,

“टिकले, तुला काय दुखतंय गं?”

आणि टिकली बोलली. अगदी माणसासारखी.

“गोजरे, अंग पोकळ झालंय माझं. कवच करायला चुनाच उरला नाही.”

गोजरानं कपाळावर हात मारून घेतला. गेले आठ दिवस टिकली चुन्याच्या भिंतीला टोचा मारत होती, आणि हीच बया तिला हाकलत होती. मग गोजरा नदीवर गेली, ओटीभर शिंपले वेचले, वाळवले, कुटले आणि मातीच्या परळात ठेवले. टिकली त्यावर तुटून पडली. तिसऱ्या दिवशी अंड्याला कवच आलं. पातळ होतं, पण आलं. दाजीबा सुरी घेऊन आला तसा परत गेला.

मग आली थंडी. टिकली एका कोपऱ्यात उभी. शेपटी खाली, डोळे अर्धे मिटलेले. सारख्या कळा द्यायची, पण अंडं काही येईना. दाण्याकडे ढुंकून बघेना. एक दिवस गेला, दोन गेले. तिसऱ्या दिवशी दाजीबा म्हणाला, आण इकडे, पोट दाबतो, निघेल टुणकन. गोजरा मध्ये उभी राहिली आणि दुसरा प्रश्न विचारला. तोच. काय दुखतंय गं तुला?

टिकली कशीबशी म्हणाली, “अंडं अडकलंय. दाबलं तर आत फुटेल, मग मी जगत नाही. मला ऊब दे गं. आणि जरा एकटीला राहू दे.”

मग गोजरानं घमेल्यात पाणी घेतलं, कोमट, बाळाच्या अंघोळीला कोपरानं बघतात ना, तसं बघून. टिकलीला पोटापर्यंत त्यात बसवलं. भात शिजायला लागतो तेवढा वेळ नुसती धरून राहिली. मग पुसलं, कोरडं केलं, मागून बोटानं एरंडेल लावलं आणि गवतावर बसवून वर डालं झाकलं. डाल्यावर पोतं टाकलं, आत अंधार व्हावा म्हणून. आणि मग सगळ्यात अवघड काम केलं. वाट बघितली. दहादा वाटलं पोतं उचलून बघावं, पण नाही उचललं. दिवेलागणीला आतून आवाज आला, क्वक् क्वक् क्वकाक्! अंडं मोठं होतं, जरा वेडंवाकडं. गोजरा तिथेच बसून रडली.

झोपलात का? नाही ना? आता तिसरं ऐका.

थंडी सरली आणि टिकली बसली. बसली ती उठेचना. हात नेला की पिसं फुगवायची, कुडुक कुडुक करायची. छातीची पिसं तिनं स्वतःच उपटलेली आणि खालचं अंग तव्यासारखं गरम. गोजरा हसली. याला काही प्रश्न नको होता. टिकली खुडूक झाली होती, तिला पिल्लं हवी होती. गोजरानं दुसऱ्या कोंबड्यांची नऊ अंडी तिच्याखाली सरकवली.

पण खुडूक कोंबडी अंडं देत नाही, बरं का. आणि नियम तर तीन दिवसांचा. चौथ्या सकाळी दाजीबा आला, आणि या खेपेला राजालाच घेऊन आला. गोजरा टिकलीला पाठीशी घालून बसली. राजा म्हणाला, नियम म्हणजे नियम, ऊठ तिथून. गोजरा उठली नाही. पदराला एकच गाठ उरली होती. तिनं वर राजाच्या तोंडाकडे बघितलं. आजारी कोंबड्या बघून बघून तिची नजर तयार झाली होती. राजाचे डोळे तसेच आजारी होते.

“महाराज, तुम्हाला काय दुखतंय?”

दाजीबाच्या हातातली सुरीच पडली. राजाला असं कुणी विचारतं? पण प्रश्न म्हातारीचा होता, उत्तर द्यावंच लागणार. राजा मटकन खाली बसला.

“मी सात वर्षांचा होतो. आईसाहेब रोज अंडं उकडून, सोलून माझ्या हातावर ठेवायच्या. मग एक दिवस उठल्या नाहीत. मी रुसलो. तीन दिवस रुसलो. काय दुखतंय, एवढंसुद्धा विचारलं नाही. चौथ्या दिवशी त्या गेल्या. तेव्हापासून कुणी तीन दिवस गप्प बसलं की वाटतं, ही पण जाणार. मग मीच धाडून देतो. वाट बघवत नाही गं.”

गोजराचे डोळे भरून आले. ती म्हणाली, “ही नाही जायची महाराज. ही बसलीय. एकवीस दिवस लागतात. मी आहे ना, आपण मिळून वाट बघू.”

मग राजा रोज सकाळी यायचा आणि पालथ्या टोपलीवर बसून राहायचा. दहाव्या दिवशी घाबरला, पंधराव्या दिवशी घाबरला. गोजरा नुसती त्याच्या शेजारी बसायची. आणि एकविसाव्या दिवशी अंड्यातून टकटक झाली. टिकलीच्या पंखाखालून एक पिवळं डोकं बाहेर आलं, मग दुसरं, मग किती तरी. राजानं एक पिल्लू तळहातावर घेतलं. सात वर्षांचं मूल बघतं तसं बघत राहिला. मग एकदम म्हणाला,

“गोजरा, तुला गं काय दुखतंय?”

या प्रश्नात काही जादू नव्हती. पण गोजराला जन्मात कुणी हे विचारलं नव्हतं. काही नाही, म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि सगळंच सांगत सुटली. दुपार होईपर्यंत सांगत होती. राजा ऐकत होता. त्याचं अंडं त्या दिवशी गार होऊन गेलं, तरी त्याच्या ध्यानात नाही आलं.

मग नियम बदलला. त्या राज्यात कुणी गप्प बसलं की आधी विचारायचं, मग वाट बघायची. हंडी चुलीवरून उतरली आणि दाजीबाला शिंपले कुटायला बसवलं. टिकली म्हातारी होईपर्यंत जगली, आणि सगळे सुखात राहिले.

आता तुमचं कुणाचं काही दुखत असेल तर सांगा, मी जागी आहे. नाही ना? मग या माझ्या कुशीत, आणि मिटा डोळे.