बक्षिसाचं पाकीट

पलूसच्या मैदानावर कबड्डीचा अंतिम सामना संपला आणि पाच हजार माणसं नाचायलाच लागली! शेवटच्या चढाईत तिघांना बाद करून सुकुमार मगदूमनं सामना फिरवला होता. बक्षीस द्यायला आले होते खेळांच्या एका मोठ्या वेबसाइटचे मालक, रणपिसेसाहेब. माइकवर होती त्यांच्याच वेबसाइटवर लिहिणारी रेवती बिरनाळे. सामन्याच्या अख्ख्या वृत्तांताचे तिला शंभर रुपये मिळत. त्याच सकाळी तिनं वाढ मागितली, तेव्हा साहेब हसले होते. "अगं, लाखो लोकांपुढे तुझं नाव येतं. आणखी काय हवं?"

साहेबांनी पाकीट पुढे केलं, तोच रेवती माइकवर म्हणाली, "थांबा साहेब! सुकुमारचं नाव पाच हजार लोकांनी ऐकलं. आणखी काय हवं? पाकीट ठेवा खिशात!"

सुकुमारचा हात हवेतच राहिला. मैदान खवळलं. साहेबांनी घाबरून माइक ओढला. "छे, छे! नुसत्या नावावर कुणाला राबवायचं नसतं! घामाचे पैसे मिळालेच पाहिजेत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. रेवतीनं वही उघडली.

"वा साहेब, मथळा मिळाला! खाली नाव तुमचंच घालते. लाखो लोक वाचतील!"