गाडी वळली, पटांगण नाही

कुमुदताई दातीर यांची गाडी स्टिअरिंग जरा सैल धरलं की डावीकडे ओढ घ्यायची. वॉरंटी संपायला दोनच दिवस उरले होते आणि वर्कशॉपचे मॅनेजर ढवळेसाहेब दोष मानायला तयार नव्हते.

"बाई, रस्ते डाव्या कडेला उतरते असतात. त्याला गाडी काय करणार?"

"मग तुमच्या मागच्या पटांगणात चालवून बघू."

साहेब स्वतःच चालवायला बसले. हात सोडताच गाडी डावीकडे, भिंतीच्या दिशेनं गेली.

"बघा, इथंही उतार! पावसाचं पाणी त्या भिंतीकडेच जातं."

"नक्की ना, साहेब?"

"अहो, पंधरा वर्षं बघतोय मी हे पटांगण!" हे त्यांनी सगळ्या वर्कशॉपला ऐकू जाईल असं सांगितलं.

"मग आता उलट्या दिशेनं चालवा. भिंत उजवीकडे येईल."

साहेबांनी गाडी वळवून हात सोडले. गाडी पुन्हा डावीकडेच निघाली, त्यांनीच सांगितलेला उतार चढत.

ताईंनी शांतपणे विचारलं, "गाडीबरोबर पटांगणही वळलं का हो, साहेब?"

दारातले मेकॅनिक तोंड फिरवून हसले. साहेबांनी वॉरंटीच्या कागदावर सही केली.