तीट नसलेली समाधी

एका राज्यात संगमरवराने माणसाला गिळायला सुरुवात केली, आणि त्याला कारण राजा वज्रसेन. हे आधीच सांगितलेले बरे. कारण दरबारातल्या म्हाताऱ्यांनी पुढे नदीला दोष दिला, ग्रहांना दिला, मेलेल्या राणीलासुद्धा दिला. दोष राजाचा. म्हाताऱ्यांचा एवढाच, की त्यांना सगळे ठाऊक होते आणि ते गप्प बसले.

राणी नीलांबा गेली तेव्हा राजाने अन्न सोडले. मग एके सकाळी उठला आणि शिल्पमांत्रिक तारकदत्ताला म्हणाला, "जगात नसेल अशी समाधी बांध."

तारकदत्ताने बांधली. नदीकाठी खोल विहिरी खणल्या, त्यांत लाकूड आणि चुना भरला, नदीच्या ओलीवर पाया उभा केला. वर दुहेरी घुमट चढवला, आतला माणसाच्या डोळ्यांसाठी, बाहेरचा आभाळासाठी. चार कोपऱ्यांना चार मनोरे, किंचित बाहेर कललेले. कोसळलेच तर राणीवर कोसळू नयेत. कमानीवरची अक्षरे वर वर मोठी होत गेली, म्हणून खालून सारखी दिसत. भिंतींत माणिक-पाचूची फुले जडवली. डावीकडे जे, तेच उजवीकडे. आणि सगळे पांढरेशुभ्र. राणी सावळी होती. मग समाधी पांढरी का, हे कुणी विचारले नाही.

त्या राज्याची एक रीत होती. बाळाच्या गालाला लावतात तशी नव्या वास्तूलाही तीट लावायची. दर्शनी भिंतीत एक काळा दगड बसवायचा. त्याने वास्तूला दृष्ट लागत नसे, आणि वास्तूची भूकही ताब्यात राही. तारकदत्ताने दगड बसवला. राजा तो पाहून भडकला.

"हा डाग कसला?"

"तीट आहे, महाराज."

"माझ्या राणीला डाग? काढ."

तारकदत्ताने दरबारातल्या पांढऱ्या दाढ्यांकडे पाहिले. वृद्ध प्रधान भद्रमुख म्हणाला, "महाराजांची नजर थोर." एकटी लहानगी राजकन्या रेवा बोलली, "आबा, मला लावतात ना तीट? मग आईला का नको?"

"लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस."

दगड नदीत गेला. तारकदत्त बक्षिसाची शाल पांघरून घरी गेला.

मग समाधीला भूक लागली. आधी ती बागेतल्या जास्वंदींचा रंग प्यायली. मग मोरांचा. वर्षे गेली, मोर पांढरे पडले, संगमरवर अधिकच झळाळला. लोक म्हणाले, वा! रेवा मोठी झाली. आईपाशी रोज संध्याकाळी दिवा लावायला जाई. एकदा परतली तेव्हा तिची बोटे पांढरी झाली होती. पुढे कोपर. पुढे खांदा.

दरबारात काय आनंद! "राजकन्या उजळली हो!" म्हणून साखर वाटली. आईसारखीच सावळी, हिचे जमायचे कसे, म्हणून आजवर उसासे टाकणाऱ्या भद्रमुखाने लगोलग स्थळे पाहायला माणसे धाडली.

"आबा, हात जड लागतो," रेवा म्हणाली.

"होईल सवय."

एके दिवशी जेवताना तिची बोटे ताटावर खणकन वाजली. राजाने तिचा हात हातात घेतला. दगड होता.

तेव्हा कुठे राजा समाधीकडे धावला. भिंतीवर कावळा बसला होता. त्याचा एक पंख पांढरा पडलेला.

"पक्षिराज, माझी लेक दगड होते आहे."

"आधी कावळाच म्हणायचास," कावळा म्हणाला. "तीट परत लाव. पण संगमरवर आता माजला आहे, नुसता दगड धरणार नाही. तीन काळ्या गोष्टी लागतील. पहिला तो दगड. दुसरी काजळी, ज्याची बायको गेली आहे अशा दुसऱ्या माणसाच्या घरची. तिसरे मग सांगतो. जायचे स्वतः. चाकर धाडलास तर पोर गेली म्हणून समज."

राजा नदीत उतरला. तळाशी मगर दगडावर पोट टाकून पडली होती. म्हणाली, "खरे बोल, सोडते. तुझी राणी रंगाने कशी होती?"

 राजाचा श्वास संपत आला तेव्हा कुठे तो म्हणाला, "सावळी." मगर बाजूला झाली.

मग राजा गावाबाहेर एका विणकराच्या दारी गेला. त्याची बायको दुष्काळात गेली होती. त्याने दिव्यावरची काजळी खरवडून दिली. "न्या, महाराज. संगमरवर ओढायला माझे बैल नेलेत, ते परत आले नाहीत. घरात एवढेच काळे उरले आहे, तेही न्या."

राजाने मान खाली घातली आणि नेले.

"तिसरे?" समाधीपाशी परतून राजाने कावळ्याला विचारले.

"बुबुळांचे काळे," कावळा म्हणाला. "कुणाचेही चालेल. राजीखुशीने दिलेले हवे. देणाऱ्याची दृष्टी जाईल."

राजा वळला. सगळा दरबार मागे उभा होता.

"आमच्या डोळ्यांत मोतीबिंदू, महाराज," भद्रमुख घाईने म्हणाला. "काळे राहिलेच नाही हो." बाकीच्या दाढ्याही भराभरा हलल्या. तारकदत्त तर डोळे मिटूनच उभा राहिला.

रेवाला पालखीतून आणले होते. पांढरा रंग गळ्यापर्यंत चढला होता.

"आबा," ती म्हणाली, "नका देऊ. आंधळ्या राजाला हे लोक विकून खातील."

"लहान तोंडी..." राजा म्हणाला, आणि वाक्य अर्धेच टाकून वळला. मग कावळ्याला म्हणाला, "माझे घे."

"शेवटचे काय पाहायचे ते पाहून घे."

राजाने समाधीकडे पाठ केली आणि रेवाकडे पाहिले. तोवर पांढरा रंग कपाळापर्यंत पोचला होता. समोर संगमरवरी चेहरा होता, पापण्यासुद्धा दगडाच्या. कावळ्याने दोनदा चोच मारली.

काजळी बुबुळांच्या काळ्यात कालवली. राजाने चाचपडत दगडाला लेप दिला आणि दगड भिंतीत बसवला. भिंतीने तो धरला. जास्वंदी लाल झाल्या, मोर निळे झाले, कावळ्याचा पंख काळा झाला. रेवाने श्वास घेतला. ती पुन्हा सावळी झाली, आईइतकीच. मागे कुणीतरी पुटपुटले, "अरेरे, चांगली उजळली होती."

रेवा गादीवर बसली. म्हाताऱ्यांना तिने घरी बसवले, तारकदत्ताची शाल काढून घेतली, विणकराकडे बैलजोडी धाडली. राज्य मार्गी लागले.

राजा वज्रसेन दोन्ही डोळ्यांनी आंधळा झाला. लेकीचा सावळा चेहरा त्याला पुन्हा कधी दिसला नाही.