बाहेरचा दिवा

“साठ वॉटचा? अजून?”

परशराम गावडे चपला काढायच्या आधीच वर बघून बोलला. दिवेलागण झाली होती. मठाच्या पडवीत पिवळा बल्ब जळत होता.

“अजून,” मठ सांभाळणारी भागाक्का म्हणाली. ती उंबऱ्याशी बसून शेंगा सोलत होती.

परशरामने विजेच्या कचेरीत तीस वर्षं मीटर वाचले होते. आता दोन वर्षं दर गुरुवारी डोंगर चढून यायचा. मन ठिकाणावर राहत नाही, काहीतरी द्या, म्हणायचा. अक्का चहा द्यायची.

“ऐका अक्का. हा रात्रीचे बारा तास जळतो. महिन्याला साडेएकवीस युनिट खातो. नऊ वॉटचा एलईडी तेवढाच उजेड देतो, सव्वातीन युनिटांत भागतो. हा स्वस्त मिळतो, पण तीन महिन्यांत उडतो. तो महाग पडतो, पण वर्षानुवर्षं चालतो. आणि हा उजेड देतो थोडा, तापतोच जास्त. सगळी ऊब फुकट.”

आकडे बरोबर होते. मी स्वतः कागदावर मांडून पाहिलेत. ज्याला त्यात चूक शोधायची असेल त्याने ही गोष्ट वाचू नये.

“म्हणजे मी अडाणी.”

“तसं नाही म्हणत मी.”

“म्हण की. आणलायस ना पिशवीतून? बदल.”

परशराम गोंधळला. चार गुरुवार तो वाद घालायची तयारी करून येत होता.

त्याने बटण बंद केलं. स्टुलावर चढून, उपरण्यात धरून, तापलेला बल्ब फिरवून काढला. अक्काने तो पदरात घेतला. नवा बसला. बटण दाबल्यावर पांढरा उजेड पायऱ्या उतरून पार फणसापर्यंत गेला.

“चांगला आहे रे,” अक्का म्हणाली. मनापासून म्हणाली.

परशराम खाली उतरला, हात झटकले, आणि दिवा मालवला.

…

“मालवलास का?”

“बाहेर कोणी नाही, अक्का.”

अंधारात शेंगा सोलल्याचा आवाज थांबला.

“तुमच्याकडे बाहेरचा दिवा कधी मालवतात?”

“सगळी माणसं घरात आली की. आई तसंच करायची. बायको होती तोवर तीही.”

“आणि तू?”

“मी आतला लावतो. बाहेरचा कशाला? एकटा माणूस.”

“एकटा कसा? वैजू कुठाय?”

वैजू त्याची मुलगी. सहा वर्षांपूर्वी आपल्या मनाने लग्न करून गेली. तेव्हा त्याने जा म्हटलं नव्हतं. ये असंही म्हटलं नव्हतं.

…

“ती आली होती,” परशराम म्हणाला.

अक्काने शेंगा बाजूला सारल्या.

“दोन वर्षं झाली. संध्याकाळच्या गाडीने आली. कंडक्टरने सांगितलं मला, आठ दिवसांनी. फाट्यावर उतरली. कडेवर मूल होतं. घराकडे बघत उभी राहिली म्हणे. पडवीत अंधार. गाडी परत फिरली, तशी चढली.”

“तू कुठे होतास?”

“घरातच. मागच्या खोलीत.”

“काय करत होतास?”

“विजेचं बिल बघत होतो… वर्षातलं सगळ्यात कमी आलं होतं.”

…

“पुन्हा नाही आली?”

“नाही.”

“तू गेलास?”

“कुठल्या तोंडाने जाऊ? दर संध्याकाळी गाडीचा आवाज येतो, अक्का. मी कान देऊन बसतो. थांबते. वळते. जाते.”

“आणि दिवा?”



अक्का उठली. चाचपडत भिंतीपाशी गेली आणि बटण दाबलं. पांढऱ्या उजेडात परशरामचे डोळे तिने पाहिले नाहीत. मुद्दाम पाहिले नाहीत. तिने पदरातला जुना बल्ब काढला, त्याच्याच उपरण्यात गुंडाळला आणि त्याच्या दोन्ही हातांत दिला.

परशराम दचकला. कापडातून अजून ऊब लागत होती.

“याचं काय करू, अक्का? हा तर…”

“तुझं घर किती लांब?”

“दीड तास. डोंगर उतरायचा, मग गाडी.”

“मग बसलायस काय? निवायच्या आत पोच.”