जाळ्याची वाटणी

फार जुन्या काळी, खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे, मासेमारांचं एक गाव होतं. गावात दोन आळ्या होत्या, वरची आणि खालची. दोन्ही आळ्यांसमोर समुद्र एकच होता आणि त्यात मासा कमी नव्हता. तरीही गावातल्या एकाही घरात दिवसातून दोनदा चूल पेटत नव्हती.

याचं कारण त्या गावाच्या न्यायात होतं.

आज्या-पणज्यांच्या काळी गावाचं मिळून एक मोठं जाळं होतं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल सोडायचं, एक दोर वरच्या आळीने धरायचा, दुसरा खालच्या आळीने, आणि साऱ्यांनी किनाऱ्यावरून ओढायचं, अशी रीत होती. ओढत आणलं की जाळ्याच्या मधोमध असलेल्या खोळीत मासा गोळा होई. एकदा ओढता ओढता माशांचा मोठा थवा निसटला. वरची आळी म्हणाली, खालच्यांनी दोर ढिला सोडला. खालची म्हणाली, वरच्यांनी सोडला. शब्दाने शब्द वाढला, डोकी फुटली. मग गावातले शहाणे म्हातारे एकत्र बसले आणि त्यांनी निवाडा दिला, की जाळं कापावं आणि घरटी सारखा तुकडा द्यावा. कोणाला वीतभरही जास्त मिळालं नाही, त्यामुळे निवाडा सर्वांना पटला. मधली खोळ तेवढी तांडेलाच्या घराला मान म्हणून दिली. तांडेल म्हणजे गावाच्या मासेमारीचा पुढारी.

तेव्हापासून जो तो आपला तुकडा दोन काठ्यांना बांधी, गुडघाभर पाण्यात उभा राही आणि मूठभर कोळंबी घेऊन घरी येई. एरवी तो दारावर टांगलेला असे आणि पुनवेला त्याला हळदकुंकू लागे. तुकडा ही घराची अब्रू होती.

अब्रूने पोट भरत नसे. दरवर्षी थंडी सरली की खाडीपलीकडच्या पेठेतून एक मोठी होडी येई. ज्या घरातलं धान्य संपलेलं असे, त्या घरातलं एक लेकरू तिच्यात बसे आणि पेठेत कुणाच्या तरी मोरीवर, जेवणाच्या बोलीवर, भांडी घासायला राही. काही लेकरं परत येत. काही इतक्या उशिरा येत, की दारात उभं राहून आपलं नाव सांगावं लागे.

त्या वर्षी वरच्या आळीतल्या हौसाच्या धाकट्या बहिणीची पाळी होती. हौसा तरुण होती, तोंडाळ होती, आणि नशीब हा शब्द ऐकला की तिचं डोकं फिरे. ती तडक तांडेलाकडे गेली. म्हातारा उंडीच्या झाडाखाली चार समवयस्कांबरोबर बसला होता.

"तांडेलबाबा, जाळं पुन्हा जोडू या."

"बस गो. आधी दम खा."

"बसायला वेळ नाही. पुनवेला होडी येईल."

"ती दरवर्षीच येते," तांडेल म्हणाला. "माझा भाऊ गेला तिच्यात. तुझी आत्या गेली. गावाचं नशीब."

"नशीब नाही, वाटणी."

"वाटणीला नाव ठेवू नको पोरी. वीतभर फरक दाखव, मी कान धरीन."

"वीत तुम्ही मोजलीत, बाबा. मासा कोणी मोजला?"

म्हातारे हसले. "हिची जीभच बांधा काठ्यांना," एकजण म्हणाला, "सगळ्या गावाला पुरेल."

हौसा घरी आली. तिने दारावरचा तुकडा उतरवला, हळदकुंकू धुऊन टाकलं आणि सुई-सूत घेऊन भर उन्हात वाळूवर जाऊन बसली. आई कपाळाला हात लावून उंबऱ्यात उभी राहिली. शेजारची एक बाई पाणी घेऊन जाताना थांबली. तिचाही मुलगा त्या वर्षी जायचा होता. तिने घागर घरात ठेवली आणि आपला तुकडा काढून आणला. तिच्यामागून दुसरी आली, मग तिसरी. नवरे ओरडले, पण जाळी शिवायचं काम त्या गावात बायकांचंच होतं. सुई त्यांच्या हातात असल्यावर ओरडण्याला फारशी धार उरली नाही.

असे वरच्या आळीचे सगळे तुकडे जोडले गेले, आणि जाळ्याचा एकच हात तयार झाला. एका हाताने समुद्र ओढता येत नाही. दुसरा हात खालच्या आळीत, घराघरांच्या दारावर टांगलेला होता.

"जा की विचारायला," शेजारीण म्हणाली.

"मी?" हौसा म्हणाली. "त्यांनी दोर ढिला सोडला होता. त्यांनी यावं."

बोलून झालं आणि तिची तिलाच लाज वाटली. ज्या भांडणात ती जन्मलीही नव्हती, ते तिच्या तोंडात तयार होतं. ज्या म्हाताऱ्यांना ती सकाळसंध्याकाळ नावं ठेवी, त्यांचाच एक तुकडा तिच्याही घशात अडकलेला होता. ती उठली आणि खालच्या आळीत गेली.

त्या आळीतली सगळ्यात खाष्ट म्हातारी ओट्यावर कोळंबी सोलत होती. तिने मान वर केली नाही. "वरच्या आळीची ना गो तू? वाट चुकलीस?"

"नाही, आजी. भूक लागली."

म्हातारीचा हात थांबला. वरच्या आळीतलं कोणी असं बोलल्याचं तिने कधी ऐकलं नव्हतं. आणि हौसाने तरी ते कोणापुढे कधी म्हटलं होतं?

"आम्हालाही लागते," म्हातारी म्हणाली. "पण तुमच्यासमोर सांगणार कोण?" तिने सूप बाजूला सारलं आणि आत हाक मारली. "सूनबाई, तो तुकडा काढ गं दारावरचा." तिच्या दारावरचा तुकडा उतरल्यावर आळीतले बाकीचेही एकेक करून उतरले.

पुनवेच्या सकाळी जाळं वाळूवर पसरलं तेव्हा ते ओबडधोबड दिसत होतं. सूत निराळं, रंग निराळे, जागोजाग गाठी. आणि मधोमध एक भगदाड होतं. तिथली खोळ तांडेलाच्या आढ्याला टांगलेली होती आणि तांडेल ती द्यायला तयार नव्हता. "माझ्या बापाचा मान आहे तो," एवढंच तो म्हणाला आणि उंडीखाली जाऊन बसला.

खाडीच्या तोंडावर पेठेची होडी दिसू लागली. धाकटी बहीण गाठोडं काखेत घेऊन काठावर उभी होती. त्याच वेळी समोर पाण्यावर पक्ष्यांनी गर्दी केली. खाली माशांचा थवा होता.

"सोडा जाळं," हौसा म्हणाली.

"भगदाडासकट?" शेजारीण म्हणाली.

"आहे तसं सोडा."

जाळं सोडलं. वरची आळी एका दोराला लागली, खालची दुसऱ्या. गावातला आंधळा पाथरवटही चाचपडत येऊन दोराला लोंबकळला. जाळं जवळ आलं तसं पाणी उसळू लागलं, चांदीसारखं चमकू लागलं. आणि मग सगळ्यांच्या देखत मासा मधल्या भगदाडातून बाहेर पडू लागला. आधी थोडा, मग धो धो.

उंडीखाली बसलेल्या तांडेलाने आयुष्यभर पुष्कळ लेकरं होडीत बसताना पाहिली होती आणि ते नशीब म्हणून सोसलं होतं. पण एवढा मासा हातचा जाताना पाहणं त्याला सोसवेना. तो घरात धावला. आढ्यावरची खोळ ओढताना आढ्याची धूळ त्याच्या डोक्यावर पडली. तसाच तो छातीभर पाण्यात शिरला, खोळीचं तोंड भगदाडाला लावून दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा राहिला आणि साऱ्या गावावर खेकसला.

"ए मेल्यांनो, बघत काय बसलात? ओढा! दोर ढिला सोडाल तर याद राखा! हौसे, सुई घेऊन ये इकडे!"

हौसाने त्याच्या बोटांच्या मधून टाके घातले. काही टाके चुकून बोटांनाही लागले. तरी तांडेलाने खोळ सोडली नाही.

मासा वाळूवर आला तेव्हा दोराला हात लावलेल्या प्रत्येकाचा एक ढीग झाला. आंधळ्या पाथरवटाचा झाला, तसा दोरापर्यंत येऊ न शकलेल्या, उंबऱ्यात उभ्या असलेल्या आजाऱ्यांचाही झाला. एकाने आपला ढीग लहान असल्याची कुरकूर केलीच. हौसाने आपल्या ढिगातले दोन बांगडे त्याच्यापुढे टाकले. "हे घे. पण जाळ्याला कात्री लावायचं नाव काढू नकोस."

पेठेच्या होडीला त्या दिवशी लेकरं मिळाली नाहीत. माशाच्या टोपल्या मिळाल्या आणि बदल्यात तिला तांदळाची पोती उतरवून जावं लागलं. बहिणीने गाठोडं सोडलं आणि आतलं जुनं परकर-पोलकं दोरीवर वाळत घातलं.

गावात कोणी सावकार झालं नाही. भांडणंही थांबली नाहीत. दोर कोण ढिला सोडतं यावर आजही तिथे रोज वाद होतो. मात्र तो वाद दोर हातात धरून होतो. आणि तांडेल नव्या पोरांना सांगतो, की जाळं जोडायची कल्पना मुळात त्याचीच होती. हौसा ते ऐकते आणि ओढत राहते.

या गोष्टीतून घ्यायचं ते इतकंच: मिळालेला घास वाटून खावा, पण घास मिळवणारं बळ वाटून घेतलं की साऱ्यांच्या वाट्याला फक्त भूक येते.