गजराज आणि तीन रिकामटेकडे

"गजराजचा एक वेल्ड कमी केलास, तर याद राख!" कारखान्याचे मालक रावसाहेब जाचक सगळ्यांदेखत गरजले. "आणि सोमवारपर्यंत लाइनचा वेग दीडपट झाला पाहिजे!"

शर्वरी ढमढेरेने संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. टेम्पोच्या केबिनी जोडायला कारखान्यात चार रोबो होते. कोणी कुठला वेल्ड कधी मारायचा, हे ती आधी सिम्युलेशनमध्ये बसवायची आणि मगच ते लाइनवर चढायचं. पण चौघांतला गजराज रावसाहेबांनी स्वतः जर्मनीहून आणलेला, सगळ्यांत महागडा. रोज ताजा हार त्याला आणि निम्म्याहून जास्त वेल्डही त्यालाच! पडद्यावर तो बिचारा ठिणग्या उडवत राबत होता. बाकीचे तिघे रुसलेल्या जावयांसारखे नुसते उभे.

"साहेब, गजराजचं थोडं काम या तिघांना..."

"मानकऱ्याचा मान काढून घेतेस?"

"मग वेग वाढणार कसा?"

"इंजिनिअर तू का मी?"

"मी."

"मग तूच बघ!"

वेग वाढला नाही तर ऑर्डर हातची जाणार होती आणि दुसऱ्या पाळीतल्या माणसांना घरी बसावं लागणार होतं. शर्वरी कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या वर्धापनदिनाची पंगत होती. शर्वरीने सकाळीच गेनू आचाऱ्याला गाठून त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. गेनू मिशीत हसला.

पंगत बसली. यजमान म्हणून रावसाहेब रांगेच्या शेवटी. गेनूने सगळ्यांना मीठ वाढलं. परत गेला, लिंबू आणलं. पुन्हा गेला, चटणी आणायला. तीन वाढपी मात्र हाताची घडी घालून भिंतीला टेकलेले! अर्धा तास झाला, तरी रावसाहेबांच्या पानात मीठ, लिंबू आणि एक माशी.

"अरे, ते तिघे काय फोटो काढायला उभे आहेत?"

"साहेब, गेनू मानकरी आहे," शर्वरी शेजारून म्हणाली. "त्याच्या हातचं एक भांडं दुसऱ्याला दिलं, तर अपमान नाही का व्हायचा?"

"खड्ड्यात गेला मान! भांडी वाटून घ्या रे!"

तिघे एकदम धावले. आमटीवाला मठ्ठेवाल्यावर आदळला आणि मठ्ठा थेट मॅनेजरच्या डोक्यावर!

"अहो, सगळे एकाच जागी नको!" शर्वरी ओरडत उठली. "तू या टोकाने ये, तू त्या टोकाने. भातवाला पुढे सरकला की मगच आमटी. गेनूभाऊ, जिलेबीचं घमेलं जड आहे, तेवढं एकच तुम्ही सांभाळा!"

बघता बघता पानं भरली. रावसाहेबांनी जिलेबीचा तुकडा मोडला आणि हात थांबला.

"ढमढेरे, ही पंगत नाही. ही माझी लाइन आहे!"

"हो साहेब. कालच बसवलीय. पडद्यावर चौघेही सारखे राबतात, कुणाचा हात कुणाला लागत नाही, आणि वेग दीडपटीच्याही वर. चढवू?"

"चढव! पण माझ्या शब्दाचं काय? गजराजचा एक वेल्ड कमी करायचा नाही, असं बजावलं होतं मी!"

"एक कुठे केलाय, साहेब? चांगले चाळीस केलेत!"

मग रावसाहेबांना हसता हसता असा ठसका लागला, की गेनू पाणी घेऊन धावला.

"माग!" डोळे पुसत ते म्हणाले. "काय हवं ते माग!"

"कारखान्यात दुसरी, नवी लाइन येतेय ना? तिची प्रमुख मी. आणि तिथल्या रोबोंची नावं तुम्ही ठेवायची नाहीत!"

"मंजूर! निदान एखाद्याचं तरी ऐरावत..."

"नाही!"

"बरं बाई, नाही!" म्हणत रावसाहेबांनी स्वतः उठून तिच्या पानात जिलेबी वाढली.